दवाखान्यातली खबर

नार्व्याच्या एका मुलीचं ठरत आलेलं लग्न माझ्यामुळे मोडलं. मी साखळीला दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. तिच्या केस पेपरवर लिहिलेली एक गोष्ट मी माझ्या बहिणीला सांगितली, आणि ती बहीण मुलाची आई होती. एवढं आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी स्वतःची बाजू मांडतोय असं कोणाला वाटायला नको. मला बाजू नाही.

हे लिहायला त्या मुलीने परवानगी दिली आहे. लिहून झालेलं तिने वाचलं, दोन ठिकाणी खोडलं, आणि गावाचं नाव स्वतः निवडून दिलं. "नार्वे लिहा," म्हणाली, "तिथे आमचं कोणी नाही, आणि देवळामुळे लोकांना ते ठाऊक आहे." माझं गाव कोरगाव, ते मात्र खरं आहे. बहिणीलाही विचारलं होतं. ती नको म्हणाली. तरी लिहितोय. बहीण माझी पेशंट नाही.

पूर्वी मी खाणीच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर होतो. खाणी बंद पडल्या तेव्हा चाळिशीला आलेल्या, दुसरं काहीच न शिकलेल्या माणसाला कोण कामाला ठेवणार? डॉक्टर मॅडमनी नुकताच दवाखाना उघडला होता आणि त्यांना अक्षर चांगलं असलेला माणूस हवा होता. आधी नावं लिहून घ्यायचो. मग हत्यारं धुवून निर्जंतुक करायला वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये लावायला शिकलो, लाळ ओढणारी नळी धरायला शिकलो, सिमेंट कालवायला शिकलो. कुठला कोर्स नाही, सर्टिफिकेट नाही. मॅडम सांगत गेल्या, मी करत गेलो. पाच-सहा वर्षांत अशी वेळ आली की त्यांनी हात पुढे केला की मागायच्या आत वस्तू हातात असायची.

कोरगावात मला "अर्धा डॉक्टर" म्हणू लागले. थट्टाच होती, पण मला आवडायची. काट्यावरून घरी बसलेल्या माणसाला आता लोक वाटेत थांबवून तोंड उघडून दाखवत होते. ते का सांगतोय ते पुढे कळेल.

ती मुलगी दवाखान्यात आली ती फेब्रुवारीत. सव्वीस वर्षांची, प्राथमिक शाळेत शिकवणारी. हसताना ओठ मिटून घ्यायची. तिच्या हिरड्या वाढून पुढच्या दातांवर आल्या होत्या, दात निम्मेच दिसत. नवा पेशंट आला की माहिती मी विचारायचो. साखर आहे का, प्रेशर आहे का, कुठली गोळी चालू आहे का. हे सगळं बाहेरच्या मेजावर, बाकावर बसलेल्या चार माणसांच्या पुढ्यात. तेव्हा त्यात काही चुकीचं आहे असं मला वाटतही नसे. गोळीचा प्रश्न आला तशी ती माझ्याकडे वाकली आणि म्हणाली, "काका, ते मी लिहून देते." मी पेन दिलं. तिने गोळीचं नाव लिहिलं आणि कंसात लिहिलं, झटके, शेवटचा कॉलेजात असताना.

मग म्हणाली, "हे बाहेर जाणार नाही ना?"

"नाही, बाय," मी म्हणालो. "हांगाचं हांगाच. इथलं इथेच राहील."

फिटच्या काही गोळ्यांनी हिरड्या वाढतात, हे मला तोवर ठाऊक झालं होतं. मॅडमनी तिच्या मेंदूच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली, त्यांनी हळूहळू गोळी बदलली, आणि मार्चमध्ये मॅडमनी वरच्या हिरड्या कापून नीट केल्या. खालच्या महिन्याभराने करायच्या होत्या. टाके काढायला आली तेव्हा तिने आरशात पाहिलं आणि पहिल्यांदा ओठ न मिटता हसली. मी शेजारी ट्रे घेऊन उभा होतो.

त्याच सुमाराला माझ्या भाच्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं.

काजूच्या दिवसांत मी रविवारी कोरगावला बहिणीकडे मदतीला जातो. त्या रविवारी आम्ही दोघं झाडाखाली बसून बोंडू पिरगळून बिया वेगळ्या करत होतो. ती म्हणाली, नार्व्याचं एक स्थळ आलंय, मुलगी शिक्षिका, पोराला पसंत आहे, दोनदा भेटलेसुद्धा. मग हात न थांबवता म्हणाली, "ती तुझ्याच दवाखान्यात येता ना?"

मी हो म्हणालो. पुढे मी या प्रसंगाचा शंभर वेळा विचार केला, आणि दर वेळी मला दिसलं की गुन्हा तिथेच झाला होता, त्या "हो"मध्ये. कोण आमच्याकडे येतं हेसुद्धा सांगायचा मला हक्क नव्हता. पण आमच्या भागात दवाखान्यात कोण आलं हे बसस्टॉपवर कोण उभं होतं इतक्या सहज सांगतात.

"कशाक येता?"

"हिरड्यांचं होतं काहीतरी."

"एवढ्या वयात हिरड्यांक काय झाला?" बहीण म्हणाली. आणि मग, बियांची टोपली पुढे सरकवत, "काय रे अर्धो डॉक्टर, म्हायत नाय तुका?"

मला माहीत होतं. माहीत आहे हे दाखवायचं होतं. मी म्हणालो की काही गोळ्यांनी तसं होतं. कसल्या गोळ्या, तिने विचारलं. खरं तर उठून विहिरीवर हात धुवायला जाता आलं असतं. मी सांगितलं.

बहिणीने हातातली बी टोपलीत टाकली. मग म्हणाली, "बरा झाला विचारलंय."

आठवड्याच्या आत मध्यस्थ नार्व्याला जाऊन आला. नुसतं नाही म्हणून आला असता तर एक वेळ चाललं असतं. पत्रिका जमत नाही म्हणायची सोय आपल्यात आहे, लोक ती वापरतात आणि कोणाचं काही बिघडत नाही. पण माझ्या बहिणीला फसवलं गेल्याचा राग आला होता. मुलीला फेफरं आहे, तुम्ही ते लपवलंत, असा निरोप गेला, आणि तो अंगणात, शेजारी ऐकतील असा दिला गेला.

खालच्या हिरड्यांच्या तारखेला ती आली नाही. मॅडमनी मला फोन करायला सांगितलं. तिच्या आईने उचलला. दवाखान्यातून बोलतोय म्हटल्यावर म्हणाली, "आता कोणासाठी करायच्यात नीट?" आणि ठेवून दिला. मी केस पेपरवर लिहिलं, पेशंट आला नाही. माझ्या चांगल्या अक्षरात. मॅडमनी कारण विचारलं तर मी खांदे उडवले.

मला इथे थांबून एक सांगायचं आहे, आणि ते ज्यांना झोंबेल त्यांना झोंबू दे. लग्नाआधी चौकशी करायची आपली रीत आहे. दुकानदाराला विचारतात, कंडक्टरला विचारतात, शाळेतल्या शिपायाला विचारतात. त्यात मुलीच्या सुखाचा विचार असतो, असं मोठी माणसं सांगतात. असेल. पण त्या रांगेत दवाखान्यातल्या माणसाला उभं करू नका. दुकानदाराला मुलगी जे दिसली ते दिसली. माझ्यापुढे ती तोंड उघडून पडलेली असते, डोळ्यांवर दिव्याचा झोत, बोलताही येत नाही. मला तिचं जे कळतं ते तिच्या दुखण्यापायी कळतं. ते माझं नव्हेच. आता कोणी विचारलं तर मी सरळ म्हणतो की ज्याचं आहे त्यालाच विचारा. बेळगावकडच्या कामगारांना घेऊन येणारा एक ठेकेदार आहे. आपल्या माणसाचे दात दारू पिऊन पडल्याने गेले की कामावर खरंच फळी लागली, एवढंच सांग, म्हणत होता. दोनदा हसून टाळलं, तिसऱ्यांदा त्याला बाहेर बसायला सांगितलं. तेव्हापासून तो मला शिष्ट म्हणतो. म्हणू दे.

पण तेव्हा मी शिष्ट नव्हतो. तेव्हा मी पाच महिने गप्प होतो. मनाला सांगत होतो की भाच्याचं भलं झालं, झाकून लग्न झालं असतं तर उद्या दोघांचे हाल झाले असते. आणि गणपतीची चवथ आली.

चवथीला मी कोरगावलाच असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी बहीण माझ्यासमोर गोड नेवऱ्यांचं ताट ठेवून बसली आणि खुशीत म्हणाली की तुझ्या जिवाला घोर होता ना, तो सोड. नार्व्याची खबर आली होती. मुलीच्या घरच्यांनी शोध लावला होता की ही गोष्ट कोणी फोडली.

"तेंका वाटता तिच्या काकीनच सांगल्यान," बहीण म्हणाली. "तुझा नाव खयच इला नाय. निवांत रव."

काकी म्हणजे मुलीच्या धाकट्या काकाची बायको. तिचं माहेर पेडण्याकडचं, आमच्याच बाजूचं, म्हणून संशय. एकाच घरात दोन चुली. तिच्याशी बोलणं बंद होतं. दरवर्षी गणपतीवरची माटोळी, म्हणजे फळापानांचं छत, तीच बांधायची, कुठलं फळ कुठे लावायचं ते घरात तिलाच येतं. या चवथीला तिला बोलावलं नाही. ती आपल्या खोलीत बसून होती आणि पुढच्या खोलीत आरती चालली होती.

हे सगळं बहीण हसत सांगत होती. ती वाईट बाई नाही. माझ्यावरचं संकट टळलं याचा तिला आनंद होता.

मी म्हणालो, "मी जाऊन सांगान तेंका."

आधी तिला वाटलं मी थट्टा करतोय. मग ताट उचललं. भाचा दारात उभा होता, तो जनेलातून बाहेर बघत राहिला. घरची अब्रू, पोराचं दुसरं स्थळ ठरत आलेलं, सगळं ती एका दमात बोलली, आणि शेवटी म्हणाली, "तू माझो भाव काय तिचो?"

"तुझोच भाव. पण ती माझी पेशंट."

"पेशंट डॉक्टरणीचो," बहीण म्हणाली. "तू ट्रे धरतंस."

चप्पल घालून निघालो. साखळीच्या बसमध्ये मात्र ते वाक्य सोडेना, कारण कायद्याच्या हिशेबाने तिचं बरोबर होतं. डॉक्टरांची नोंदणी असते, दात साफ करणाऱ्या हायजिनिस्टची असते, कवळी बनवणाऱ्या मेकॅनिकची असते. माझ्यासारख्या मदतनीसाची कुठेच नसते. पेशंटची गोष्ट फोडली म्हणून माझं नाव कुठल्या यादीतून खोडतील, तर यादीच नाही. पण ती मुलगी बाहेरच्या मेजाशी वाकून बोलली होती ती माझ्याशी. मॅडमना तर तिने नंतर सांगितलं. शब्द मी दिला होता. तो द्यायला मला नोंदणी लागली नव्हती, मग पाळायला का लागावी?

सोमवारी मी मॅडमना सगळं कागदावर लिहून दिलं. तोंडी सांगितलं असतं तर मी मध्येच कुठेतरी मऊ शब्द वापरला असता. कधी, कोणाला, काय सांगितलं, आणि त्यानंतर फोनच्या वेळी त्यांच्याशी कसा खोटा वागलो, तेही. त्यांनी वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. बाहेर पेशंट होता, अक्कलदाढेचा. पाऊण तास मी नळी धरून उभा होतो आणि त्या हवं ते बोटाने दाखवत होत्या.

पेशंट गेल्यावर म्हणाल्या, "तुमच्यावर यातलं काही येणार नाही, ते माहीत आहे ना? येईल ते माझ्यावर. माझ्या माणसाने केलं म्हणजे मी केलं."

माहीत आहे, मी म्हणालो, म्हणूनच आधी तुमच्याकडे आलो.

त्या म्हणाल्या की मला सांगितलंत, इथेच पुरे. मी तुम्हाला ताकीद देते, कागद फाइलला लावते. त्यांच्या घरी कळलं तर उद्या ते तक्रार करतील, दवाखान्याचं नाव जाईल. मुलीचं लग्न तर परत जुळणार नाही. मी म्हणालो की लग्नाचं नाही म्हणत मी, काकीचं म्हणतोय. न केलेल्या गोष्टीसाठी ती बाई घरात चोर झाली आहे. मॅडम नाही म्हणत असतील तर मी काम सोडून जाईन आणि मग सांगेन.

"धमकी देताय?"

"नाही, मॅडम. सांगतोय काय करणार ते."

त्या हातमोजे काढून हात धूत राहिल्या. खूप वेळ. मग म्हणाल्या की फोन मी करीन. केस पेपरवरचा नंबर तुमच्या मनाच्या शांतीसाठी नाही, तो तुम्ही लावायचा नाही. हे मला सुचलं नव्हतं, आणि ऐकून लाज वाटली. चूक धुवायला निघालो होतो तेही तिचाच कागद चाळून. त्या दिवसापासून केस पेपरांच्या कपाटाची किल्ली त्यांनी माझ्याकडून काढून घेतली. आजारांचे प्रश्न आता त्या स्वतः आत, दार लावून विचारतात. मी खरोखरच फक्त ट्रे धरतो. ते योग्य आहे.

मॅडमनी मुलीला फोनवर एवढंच सांगितलं की तुमची माहिती आमच्या दवाखान्यातून बाहेर गेली, ज्याने सांगितली तो समोर येऊन बोलायला तयार आहे, ऐकायचं की नाही हे तुम्ही ठरवा, आणि तक्रार करायची असेल तर कुठे करायची तेही मी सांगेन. ती गुरुवारी आली. दुपारी, दवाखाना बंद असतो त्या वेळात. सोबत काकीला घेऊन आली होती. फोन ठेवल्याबरोबर ती काकीच्या खोलीत गेली होती, असं नंतर कळलं.

मला पाहून ती म्हणाली, "तुम्ही?" तिला वाटलं होतं बिलं करणारी मुलगी असेल.

मी सांगू लागलो. बहिणीने विचारलं, काजूचं काम चाललं होतं, बोलता बोलता निघून गेलं. तिने मला मध्येच थांबवलं.

"बहिणीचं राहू दे, काका. तुम्ही काय केलं ते सांगा."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, बहिणीला वगळून. ते खूपच लहान झालं, चार वाक्यांचं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी त्याला सांगितलं होतं. दुसऱ्या भेटीतच. तो म्हणाला, गोळी घेतेस ना, मग झालं. आईला मी माझ्या पद्धतीने सांगतो म्हणाला होता."

मला जनेलातून बाहेर बघणारा भाचा आठवला. पाच महिने ज्याच्या भल्याचं नाव घेऊन मी जेवत होतो, त्याला आधीपासून सगळं ठाऊक होतं, आणि तो एक अक्षर बोलला नव्हता. तिने काहीच लपवलं नव्हतं. ज्याला सांगायचं त्याला, ज्या वेळी सांगायचं त्या वेळी, तिने सांगितलं होतं. मी मध्ये घुसून ते चोरीचं केलं.

काकी इतका वेळ बाकावर बसून होती. ती म्हणाली, "हे सगळं मला ऐकवून काय उपयोग, भाऊ? मला ठाऊकच होतं मी सांगितलं नाही."

मुलगी हसली, ओठ मिटून. मग मला म्हणाली की बाबांसमोर बोलायची तयारी आहे का. आहे, मी म्हणालो. आत्ता? आत्ता.

तिघं बसने गेलो. तिचे वडील सोप्यावर बसले होते, शेजारी त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे काकीचा नवरा, आई दारात. मुलीने मला त्यांच्यासमोर उभं केलं आणि सांगितलं की हे साखळीच्या दवाखान्यातले, यांना काही बोलायचंय, मध्ये कोणी बोलू नका. काकीला तिने हाताला धरून वडिलांच्या बरोबरीने सोप्यावर बसवलं. कोणी मला बस म्हटलं नाही आणि मला बसायचंही नव्हतं. वाटेत मनात जुळवलेलं सगळं विसरलो होतो. जे बोललो ते असं:

"तुमच्या मुलीने मला विश्वासाने एक गोष्ट लिहून दिली आणि बाहेर जाणार नाही ना म्हणून विचारलं. मी नाही म्हणालो. महिन्याभरात मी ती माझ्या बहिणीला सांगितली, कारण मला माहीत आहे हे दाखवायचं होतं. दुसरं कारण नाही. तुमच्या घरातल्या कोणीही काही सांगितलं नाही. यांनी तर नाहीच. यांच्यावर आळ आला हे कळेपर्यंत मी गप्प बसलो, ती दुसरी चूक. वहिनी, तुमची चवथ माझ्यामुळे गेली, ती मला परत देता येत नाही. माफ करा. आणि बाय, तू लपवलं नव्हतंस, मी फोडलं. तुझं काय मोडलं ते मला दिसतंय आणि मला ते जोडता येत नाही. तक्रार करायची असेल तर मी लिहून देतो, सहीसकट. मला क्षमा कर."